छत झाकण्यापूर्वी

घराचा स्लॅब ओतण्याआधी सळई पाहून घ्यावी लागते, हे बीड जिल्ह्यातल्या आमच्या धर्मापुरीत कोणाला शिकवावे लागत नाही. इंजिनिअर नसला तर जाणता नातेवाईक येतो, गज मोजतो, बांधणी हलवून बघतो आणि मगच काँक्रीट पडते. सरकारी बांधकामातही पाया आणि सळई झाकली जाण्याआधी मोजमाप पुस्तकात नोंद करण्याची रीत आहे, कारण झाकलेले काम पुन्हा दिसत नाही. त्याच घरात काही वर्षांनी पीओपीचे किंवा पीव्हीसी पट्ट्यांचे फॉल्स सिलिंग बसते. त्यात ओळीने गोल-चौकोनी एलईडी दिवे बुडवले जातात आणि त्यांच्या वायरी शीटच्या वर कायमच्या बंद होतात. शीट चढण्यापूर्वी त्या वायरी कोणी तपासल्या, या प्रश्नाला बहुतेक घरांत उत्तर नसते. ही तपासणी सक्तीची व्हावी, तिचा कागद घरमालकाच्या हाती आणि महावितरणच्या नोंदीत राहावा, आणि सुरुवात शाळा, दवाखाने व मंगल कार्यालयांपासून व्हावी, अशी आमची मागणी आहे.

नियम नाहीत, असे कोणी म्हणू नये. भारतीय मानक 732 आणि राष्ट्रीय विद्युत संहिता यांत घरगुती वायरिंगचा सारा तपशील आहे. दिव्यांच्या एका सर्किटवर 10 पॉइंट किंवा 800 वॅट यापलीकडे भार नको, दिव्यांसाठी तांब्याची वायर दीड चौरस मिलिमीटरहून बारीक नको, जोड हवेत लोंबकळता न ठेवता पेटीत असावा आणि ती पेटी हाताशी यावी. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम 2010 साली आले आणि 2023 साली नव्याने काढले गेले. वायरिंगचे नवे काम, वाढीव काम वा बदल परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावा, असा त्यांचा दंडक आहे. छतात बसवायच्या एलईडी दिव्यांना तर 2017 साली निघालेल्या आदेशाने भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची झाली. म्हणजे दुकानात मिळणाऱ्या दिव्यावर सरकारची नजर आहे, पण तो ज्या वायरीला जोडला जातो त्या जोडावर कोणाचीच नाही. नवी जोडणी घेताना ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट महावितरणकडे द्यावा लागतो खरा, पण फॉल्स सिलिंग येते त्यानंतर केव्हातरी, मुलाच्या लग्नाआधी किंवा दिवाळीच्या तोंडावर. तेव्हा मीटर तेच राहते आणि नवा अर्ज होत नाही, म्हणून नवा रिपोर्टही मागितला जात नाही. विद्युत निरीक्षकाची तपासणी पंधरा मीटरहून उंच इमारतींना लागू होते, गावातल्या दुमजली घराला नाही. कायद्याच्या दोन टोकांमध्ये राहिलेल्या या फटीतच आज गावोगावची छते उभी राहत आहेत.

छताच्या पोकळीत नेमके काय होते, हे समजून घेतल्याशिवाय या मागणीचे वजन कळणार नाही. वायरी पाइपात घालून स्लॅबला पक्क्या करायच्या असतात. प्रत्यक्षात त्या पुष्कळदा पत्र्याच्या चॅनेलवर नुसत्या अंथरलेल्या असतात. मग शीट बसवणारा खालून स्क्रू मारतो आणि तो वायरीच्या आवरणातून आरपार जातो. फेजची वायर असेल आणि चॅनेलला अर्थिंग नसेल, तर छताचा सारा लोखंडी सांगाडा विजेचा होतो. दिवा बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाचा हात तिथेच पोचतो. 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवलेले असेल तर अशी गळती होताच पुरवठा तुटतो, पण जुन्या घरांत ते बहुधा नसतेच.

दुसरा धोका जोडाचा. दोन वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली की काम झाले असे मानले जाते. पण पीळ सैल पडला की त्या बिंदूवर विरोध वाढतो आणि वायर तिथेच तापते. एमसीबी ही आग रोखेल, असा बहुतेकांचा समज आहे. एमसीबी वाढीव भारावर किंवा शॉर्टसर्किटवर तुटते. सैल जोडातून जाणारा प्रवाह नेहमीइतकाच किंवा कमीच असल्यामुळे तिला काही कळत नाही. जोड मात्र महिनोन्महिने तापत राहतो. त्यात आपल्या भागाचा उन्हाळा. साध्या पीव्हीसी वायरीचे आवरण 70 अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनलेले असते, आणि वायरीची क्षमता ठरवताना भोवतालच्या हवेचे एक ठरावीक तापमान धरलेले असते. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या छपराखाली उकाडा कमी व्हावा म्हणून लोक पीव्हीसीचे सिलिंग लावतात, तेव्हा पत्रा आणि सिलिंग यांच्या मधल्या कोंडलेल्या हवेत वायर आणि दिव्याचा ड्रायव्हर भाजत राहतात. आवरण ठिसूळ होते, उंदीर उरलेले काम करतात. पीओपीत जिप्सम असते, ते स्वतः पेटत नाही. पीव्हीसीच्या पट्ट्या, प्लायवूड आणि थर्माकोलची गोष्ट वेगळी. जळणाऱ्या पीव्हीसीतून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू ज्वाळा पोचण्याआधीच माणसाचा श्वास कोंडतो.

सार्वजनिक इमारतींपासून सुरुवात करा, असे आम्ही म्हणतो त्याला कारण आहे. 9 जानेवारी 2021 रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू विभागाला आग लागून 10 बाळे गेली. राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या नव्या कोविड अतिदक्षता विभागात आग लागली आणि 11 रुग्ण दगावले. या आगी छतातल्या दिव्यांनी लावल्या, असा आमचा दावा नाही. पण दोन गोष्टी त्यांतून निश्चित दिसतात. नवे बांधकाम म्हणजे सुरक्षित बांधकाम नव्हे. आणि इमारत वापरात आल्यावर होणारी तपासणी अग्निशामक नळकांडी मोजते, दारे पाहते, बंद छताच्या वर काय आहे ते पाहू शकत नाही. ते पाहण्याची वेळ एकच असते, शीट चढण्यापूर्वीची. अमेरिकेत हे फार आधी ओळखले गेले. तिथली राष्ट्रीय विद्युत संहिता 1897 सालची. तिच्या आजच्या रूपात छतात बुडवलेल्या साध्या दिव्याने ज्वलनशील भागापासून किमान अर्धा इंच आणि उष्णतारोधक थरापासून तीन इंच दूर राहावे, वायरी छताच्या टांगणीवर टेकवू नयेत, जोडाची पेटी छत न फोडता उघडता यावी, असे नेमके सांगितले आहे. आणि बहुतेक शहरांत निरीक्षकाने पाहिल्याशिवाय भिंत वा छत झाकता येत नाही. अमेरिकेचे लाकडी घर आणि बीडचे पत्र्याचे घर वेगळे, म्हणून ती मापे जशीच्या तशी इथे आणू नयेत. क्रम मात्र आणावा.

एलईडी दिवा जेमतेम दहा-पंधरा वॅटचा, त्याला एवढा बडिवार कशाला, असा पहिला आक्षेप येईल. हॅलोजनच्या काळात दिव्याचीच उष्णता छत जाळायला पुरेशी होती, ती आता नाही, हे मान्य. पण सैल जोड, टोचलेली वायर आणि न जोडलेले अर्थिंग यांचा दिव्याच्या वॅटशी संबंध नसतो. शिवाय त्याच पोकळीतून पंख्याची आणि पुष्कळदा एसीचीही वायर जाते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: आणखी एक तपासणी म्हणजे आणखी एक सही आणि सहीचा आणखी एक भाव. ही भीती लोकांच्या अनुभवातून आली आहे, तिला उडवून लावणे योग्य नाही. म्हणूनच घरांसाठी आम्ही सरकारी निरीक्षक मागत नाही. परवानाधारक ठेकेदाराने मेगर लावून आवरणाचा विरोध मोजावा, अर्थिंग तपासावे, उघड्या छताचे फोटो काढावेत, सर्किटचा साधा आराखडा काढावा आणि परवाना क्रमांकासह सही करावी. पुढे काही घडले तर त्या सहीची जबाबदारी त्याची. आज ही जबाबदारी कोणाचीच नाही, आणि नुकसान सोसतो तो घरमालक.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे. गावातले बरेचसे वायरिंग परवाना नसलेली पण हात बसलेली माणसे करतात. नियम कडक झाला तर त्यांची रोजी जाईल, ही चिंता खरी आहे. त्यांना बाहेर काढून कोणाचेच भले होणार नाही, कारण परवानाधारक तेवढे नाहीत. शासकीय आयटीआयमध्ये वायरमनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण चाळिशीतला कुटुंबवत्सल कारागीर दोन वर्षे वर्गात बसू शकत नाही. अनुभव धरून तालुक्याच्या ठिकाणी आणि मराठीतून परीक्षा घ्यावी. लेखी कमी, हाताचे काम जास्त. उत्तीर्ण होणाऱ्याला ठरावीक भारापर्यंतच्या घरगुती कामाची मुभा द्यावी. महावितरणचे कर्मचारी आणि आयटीआयचे निदेशक ही परीक्षा घेऊ शकतील.

सार्वजनिक कामांत तर नव्या कायद्याचीही वाट पाहायला नको. जिल्हा परिषद शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र किंवा ग्रामपंचायत कार्यालय यांच्या छताचे काम निघाले, की झाकण्यापूर्वीच्या विद्युत चाचणीचा कागद आणि फोटो जोडल्याशिवाय ठेकेदाराचे बिल निघणार नाही, एवढी एक अट बीड जिल्हा परिषदेने निविदेत घालावी. धर्मापुरीच्या ग्रामसभेलाही आपल्या गावातल्या कामांसाठी असा ठराव करता येईल. ज्या इमारतींत सिलिंग आधीच बसले आहे, तिथे पुढच्या उन्हाळ्याआधी एकेक शीट उतरवून जोड पाहावेत, आरसीसीबी नसेल तर बसवावे, आणि पत्र्याखालच्या पीव्हीसीच्या छतांना या यादीत पहिला क्रमांक द्यावा.