खानदेशांतील उपाहारगृहें व चालून आलेली संधि

जळगांवाहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वाघूर नदीच्या कांठीं पहूर हें गांव आहे. कसबे व पेठ असे त्याचे दोन भाग असून जामनेर, शेंदुर्णी व पाचोरा या बाजूंच्या वाटा येथें हमरस्त्यास मिळतात. गाडी थांबली कीं उतारू खालीं उतरतो, चहा मागतो, कांहीं तरी खातो व आपल्या वाटेनें निघून जातो. या घटकाभरच्या मुक्कामावर गांवांतील कित्येक कुटुंबांची चूल पेटते. हा धंदा लहान दिसतो, म्हणून वर्तमानपत्रानें त्याकडे पाहूं नये असें आम्हांस वाटत नाहीं. उलट, गेल्या कांहीं वर्षांत सरकारनें व न्यायालयांनीं या धंद्यासंबंधीं जे निर्णय केले आहेत ते एकत्र ठेवून पाहिले, तर खानदेशच्या पदरीं मोठें कांहीं पडावयाचें, कीं हातचें होतें तेंहि जावयाचें, हा प्रश्न याच धंद्यांत उभा राहिलेला दिसेल.

पहिली गोष्ट लोहमार्गाची. ऑगस्ट २०२४ मध्यें केंद्र सरकारनें जालना ते जळगांव हा १७४ किलोमीटरांचा नवा मार्ग मंजूर केला. त्याचा अंदाजी खर्च ७,१०६ कोटि रुपये धरला असून अजिंठ्याचीं लेणीं रेल्वेनें जोडणें हा त्याचा एक जाहीर हेतु आहे. पहूरच्या वडील मंडळींस रेल्वे नवी नाहीं. पाचोरा-जामनेर या अरुंद मार्गावर पहूरचें स्थानक होतें, व तेथें उतरून फर्दापूरची वाट धरतां येत असे. ती गाडी २०२० सालच्या टाळेबंदींत बंद पडली. तो मार्ग रुंद करण्याची योजनाहि मंजूर झालेली आहे. तेव्हां रेल्वे येणार, या बातमीनें कोणासहि आनंद व्हावा हें साहजिक आहे. परंतु रेल्वे ज्याप्रमाणें माणसें आणते त्याप्रमाणें ती माणसें पुढेंहि नेते, हें विसरून चालणार नाहीं. आज सडकेचा उतारू पहूरास थांबतो तो थकतो म्हणून, भूक लागते म्हणून. उद्यां तोच मनुष्य गाडींत बसला म्हणजे त्यास थांबण्याचें कारण उरणार नाहीं. मग तो थांबेल तो केवळ आपल्या इच्छेनें. आणि ती इच्छा त्याच्या मनांत उत्पन्न करणें हें उपाहारगृहवाल्याचें काम आहे, रेल्वेचें नव्हे.

दुसरी गोष्ट राज्य सरकारच्या धोरणाची. २०२० सालीं महाराष्ट्र सरकारनें आतिथ्याच्या व्यवसायास उद्योगाचा दर्जा देण्याचा निर्णय केला, व त्याच वर्षीं हा धंदा सुरू करण्यास लागणारे सुमारें सत्तर परवाने कमी करून दहांवर आणण्याचें ठरविलें. पुढें २०२४ सालच्या पर्यटन धोरणांत दहा वर्षांत एक लाख कोटि रुपयांची खासगी गुंतवणूक व अठरा लाख रोजगार यांचें उद्दिष्ट ठेवण्यांत आलें. ऑक्टोबर २०२५ मध्यें सरकारनें असेंहि स्पष्ट केलें कीं, मद्य देणारीं ठिकाणें वगळून इतर दुकानें व उपाहारगृहें चोवीस तास उघडीं ठेवतां येतील. मात्र प्रत्येक नोकरास आठवड्यांतून सलग चोवीस तास सुटी दिली पाहिजे. हमरस्त्यावरील गांवास ही सवलत लहान नव्हे. तथापि आमच्या वाचकांस एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. उद्योगाच्या दर्जाचा लाभ मुख्यतः निवासाची सोय करणाऱ्या हॉटेलांसाठीं आहे व तोहि पर्यटन खात्याकडे रीतसर नोंदणी केल्यावांचून मिळत नाहीं. सरकारी निर्णय मुंबईस होतो व त्याचा फायदा ज्यास तो वाचतां येतो त्यास होतो, हा आजवरचा अनुभव आहे. पहूरच्या धंदेवाल्यांनीं तो वाचला नाहीं, तर बाहेरची भांडवलदार मंडळी तो वाचून येथें येतील, सडकेलगतच्या जमिनी घेतील, आणि आजचा मालक उद्यां स्वतःच्या गांवांत दुसऱ्याच्या गल्ल्यावर चाकर म्हणून बसेल. हें भय आम्हीं कोणास भिववावें म्हणून दाखवीत नाहीं. घाटांतून व समुद्रकिनाऱ्यावर जेथें जेथें प्रवासी वाढले तेथें तेथें जमिनीची गोष्ट अशीच झालेली आहे.

तिसरी गोष्ट कराची. नोव्हेंबर २०१७ पासून उपाहारगृहांतील खाद्यपदार्थांवर सामान्यतः पांच टक्के वस्तु व सेवा कर आहे. मात्र मालकास खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाहीं. ज्याची वार्षिक उलाढाल दीड कोटि रुपयांच्या आंत आहे त्यास आपसमेळ योजना घेतां येते. तींतहि दर पांच टक्केच आहे, परंतु तो मालकानें आपल्या पदरचा भरावयाचा असून गिऱ्हाइकाच्या बिलांत लावावयाचा नाहीं. हा भेद न समजल्यामुळें कित्येक ठिकाणीं गिऱ्हाइकाशीं कलह होतात. सेवाशुल्काचेंहि तसेंच. २०२२ च्या जुलैंत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें, सेवाशुल्क बिलांत आपोआप घालूं नये असें मार्गदर्शन केलें, व मार्च २०२५ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें तें उचलून धरलें. कायद्याची भीति बाजूस ठेविली तरी व्यवहारदृष्ट्याहि स्वच्छ बिलासारखी जाहिरात नाहीं. परक्या गांवचा मनुष्य चवीपेक्षांहि फसवणूक अधिक दिवस लक्षांत ठेवतो.

आतां या धंद्याच्या मर्मस्थानाकडे वळूं. जुलै २०२५ च्या चौदा तारखेस महाराष्ट्रांतील बार व परमिट-रूम यांच्या मालकांनीं दुकानें बंद ठेविलीं. मद्यावरील मूल्यवर्धित कर पांचाचा दहा टक्के झाला, परवान्याची फी पंधरा टक्क्यांनीं वाढली, व त्यांतच उत्पादन शुल्कांत साठ टक्क्यांची भर पडली, अशी त्यांची तक्रार होती. त्यापूर्वीं १५ डिसेंबर २०१६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हमरस्त्यांपासून पांचशें मीटरांच्या आंत मद्यविक्री बंद करण्याचा हुकूम दिला. पुढें ३१ मार्च २०१७ रोजीं वीस हजारांहून कमी वस्तीच्या गांवांपुरतें हें अंतर २२० मीटर केलें. एका हुकुमासरशीं देशभर हजारों धंदे एका रात्रींत संकटांत आले. यावरून जो बोध घ्यावयाचा तो आम्हांस तरी उघड दिसतो. ज्या धंद्याचा नफा बाटलीवर अवलंबून आहे त्याचा गळा सदैव सरकारी तिजोरीच्या व न्यायालयाच्या हातीं आहे.

यावर कोणी म्हणेल, "संपादक महाशय, उपदेश करणें सोपें आहे, पोळीभाजीवर भाडें, वीज व नोकरांचे पगार निघत नाहींत, म्हणून आम्ही परवाना घेतों." हा आक्षेप आम्ही हलका लेखीत नाहीं. कित्येक मालकांस मद्यांतच चार पैसे सुटतात हें खरें आहे, व सरकारनेंहि एका हातानें परवाने विकावे आणि दुसऱ्या हातानें व्यसनमुक्तीच्या पाट्या लावाव्या हें शोभत नाहीं. परंतु पहूरच्या सडकेवरील उतारू कोण आहे याचा विचार करा. लेणीं पाहावयास निघालेलें कुटुंब, शाळेची सहल, परदेशचा अभ्यासक, बाजारास निघालेला शेतकरी, असा हा वर्ग आहे. ज्या दारावर दारूची पाटी दिसते त्या दारांत मुलाबाळांची गाडी थांबत नाहीं. एका मद्यप्याच्या मोबदल्यांत पांच जणांचें कुटुंब दवडणें हा हिशेब कोणत्या वाण्याच्या वहींत बसेल?

मग विकावें काय? आमचें उत्तर असें कीं, आपलें जें आहे तें विकावें. जळगांवच्या भरिताच्या वांग्यास व जळगांवच्या केळीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याचें भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी, वरण-बट्टी, पातोड्यांची भाजी, खापरावरचे मांडे, ठेचा व बिबड्या ही खानदेशची संपत्ति आहे. आणि सडकेवरील पुष्कळ ठिकाणीं मात्र तिच्या जागीं कोणत्याहि प्रांतीं मिळणारी तीच तांबडी ग्रेव्ही वाढली जाते! १९४२ सालीं रामा नायक यांनीं माटुंग्यास खाणावळ घातली ती आपल्या उडुपीच्या जेवणाची. मुंबईच्या माणसास मुंबईचेंच जेवण वाढून त्यांनीं नांव मिळविलें नाहीं. परप्रांतांत जाऊन दुसऱ्यांनीं आपल्या अन्नाचा मान राखला. आपण आपल्याच गांवांत आपल्या अन्नाची लाज कां बाळगावी? भरिताचें वांगें शेजारच्या शेतांतून घेतलें, भाकरी गांवांतील बाईनें थापली, केळी रावेर-यावलची आणली, म्हणजे उतारूच्या रुपयांतील पुष्कळसा भाग याच जिल्ह्यांत राहतो. याहून सरळ स्वदेशीचा मार्ग आम्हांस ठाऊक नाहीं.

भाकरी थापणाऱ्या बाईचें नांव निघालें, म्हणून येथें एक कटु गोष्ट बोलली पाहिजे. ज्या हातांची चव विकली जाते ते हात मागल्या दारीं धुराजवळ असतात, व गल्ल्यावर पुरुष बसतो. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं मुंबईंत अन्नपूर्णा महिला मंडळ उभें केलें. गिरणी कामगारांस घरगुती डबे व जेवण देणाऱ्या बायांस सावकाराच्या हातून सोडवून बँकेचें कर्ज मिळवून देणें हें त्याचें पहिलें काम होतें. त्या बायांनीं कर्जें फेडलीं व बाईस उधारी कशी द्यावी, या शंकेचें उत्तर दिलें. आज तर सरकारनेंच वाट केली आहे. जून २०२३ च्या 'आई' या धोरणान्वयें स्त्रियांच्या मालकीच्या व त्यांनींच चालविलेल्या पर्यटन-व्यवसायांस पंधरा लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याज बारा टक्क्यांच्या मर्यादेंत परत मिळतें; हा परतावा सात वर्षें किंवा साडेचार लाख रुपये यांपैकीं जें आधीं पुरें होईल तोंपर्यंत चालतो. अट अशी कीं हप्ते वेळेवर भरले पाहिजेत व निम्म्या नोकर स्त्रिया असल्या पाहिजेत. आमची भीति एवढीच कीं, अर्जावर बायकोचें नांव व गल्ल्यावर नवरा, असा जुनाच प्रकार येथेंहि होईल. तसें करणारानें सरकारास फसविलें असें नाहीं. त्यानें आपल्या घरच्या कर्तबगारीसच कुलूप घातलें असें आम्ही म्हणूं.

आणखी दोन गोष्टी कायद्याच्या आहेत, पण खऱ्या अर्थानें त्या धर्माच्या आहेत. कपबशा विसळणारें मूल दहाबारा वर्षांचें दिसलें कीं गिऱ्हाईक डोळे झांकतो व मालक त्यास भाचा म्हणतो. ढाबे, उपाहारगृहें व हॉटेलें यांत चौदा वर्षांखालील मुलांस कामास ठेवण्याची बंदी ऑक्टोबर २००६ पासून आहे, व २०१६ च्या दुरुस्तीनें ती बहुतेक सर्व धंद्यांस लागू झाली. दुसरी गोष्ट पंक्तीची. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें व हॉटेलें यांचें नांव घेऊनच जात, धर्म, वंश, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून प्रवेश नाकारण्यास मनाई केली आहे. घटनाकारांनीं उपाहारगृहाचा स्वतंत्र उल्लेख केला याचें कारण त्यांस ठाऊक होतें कीं, मनुष्याचा मान-अपमान चहाच्या पेल्यापाशींच प्रथम ठरतो. वेगळी कपबशी आज उघड दिसत नसेल. परंतु वेगळी नजर अजून दिसते. ती जाईपर्यंत आपलें आतिथ्य अपुरेंच समजावें.

शेवटीं कामाची गोष्ट. पहूर, वाकोद व फर्दापूर येथील उपाहारगृहवाल्यांनीं एक मंडळ स्थापावें. त्यानें पहिल्या वर्षीं चारच कामें करावीं: अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना नाहीं असें एकहि दुकान राहूं देऊं नये, पिण्याचें शुद्ध पाणी व स्त्रियांसाठीं स्वच्छ शौचकूप प्रत्येक ठिकाणीं असावा, 'आई' धोरणाचे निदान पांच अर्ज खऱ्याखुऱ्या स्त्री-मालकिणींच्या नांवें जावे, आणि नव्या लोहमार्गाच्या स्थानकांवर खानदेशी अन्नाच्या दुकानांस जागा मिळावी यासाठीं मार्ग होण्याआधींच रेल्वेकडे मागणी करावी. यांपैकीं पहिल्या दोन कामांस कोणत्याहि मंत्र्याची गरज नाहीं. सरकारकडूनहि आमची मागणी आहे: अजिंठ्याच्या सडकेच्या कामानें धूळ व खड्डे यांचा जो छळ या भागानें वर्षानुवर्षें सोसला त्याची भरपाई निदान चांगल्या थांब्यांनीं व दिव्यांनीं करावी, आणि धोरणांचे कागद मराठींत, सोप्या भाषेंत, तालुक्याच्या गांवीं उपलब्ध ठेवावे.

अजिंठ्याचीं चित्रें दीड हजार वर्षें टिकलीं. तीं पाहण्यास जग येत राहील, त्याची चिंता आपणांस करण्याचें कारण नाहीं. चिंता एवढीच कीं, तें जग आपल्या दारावरून जात असतां आपण त्यास काय वाढलें. रूळ पडण्यास अजून अवधि आहे. तेवढ्यांत ताट मांडून ठेवणें हें पहूरकरांच्याच हातीं आहे.