उंच टाकीचा माज

मावसभावाने फोनवर चित्र पाठवलं. ठाण्यातला नवा फ्लॅट, हॉल आणि डायनिंगच्या मधोमध भिंतीऐवजी समुद्र. इंटिरियर डिझायनरने रंगवलेली काचेची टाकी: चार फूट लांब, तीन फूट उंच, एक फूट रुंद. आत जांभळे-केशरी प्रवाळ, मधून एक निळा डोरी मासा डौलात चाललेला. खाली प्रश्न : "दादा, कसं वाटतंय?"

काचेचं थडगं वाटतंय, असं मी त्याला कळवलं. तो दुखावला. दुखावू दे. थडग्यात जाणारे जीव त्याचे नातेवाईक नसले म्हणून काय झालं?

मापांचा क्रमच बघा. आधी लांबी, मग उंची आणि सगळ्यात शेवटी, उरली म्हणून, रुंदी. खऱ्या समुद्री टाकीत उंची शेवटी ठरवायची असते. पण उंची फोटोत दिसते आणि रुंदी दिसत नाही, एवढ्या एका कारणासाठी शहरोशहरी काचेचे उभे खांब, षट्कोनी मनोरे आणि पापडासारखी पातळ पार्टिशनं उभी राहताहेत, आणि त्यांत प्रवाळ कोंबले जाताहेत.

हिशेब करू या. काचेची जाडी तूर्त सोडा. १२० × ३० × ९० सेंटिमीटर म्हणजे ३२४ लिटर. आता हीच टाकी आडवी पसरू : १२० लांब, ६० रुंद, ४५ उंच. किती झालं? ३२४ लिटर. तेच पाणी, तेच मीठ. पण पहिल्या टाकीचा पृष्ठभाग ३६०० चौरस सेंटिमीटर आणि दुसरीचा ७२००. पाण्यात प्राणवायू शिरतो तो मुख्यतः या वरच्या पृष्ठभागातून. मासा लिटर मोजून श्वास घेत नाही. दुपारी वीज गेली, पंप बंद पडले, पाणी निपचित झालं की जीव तगतात ते याच पृष्ठभागावर. डिझायनरसाहेब त्या वेळी दुसऱ्या साइटवर असतात.

आता काचेकडे या. पाण्याचा दाब खोलीवर अवलंबून असतो, लिटरवर नाही. उंची दुप्पट झाली की तळाचा दाब दुप्पट होतो आणि पुढच्या काचेवरचा एकूण रेटा चौपट. चार फुटी काच ४५ सेंटिमीटर उंच असेल तर खारं पाणी तिला साधारण १२५ किलोच्या जोराने बाहेर ढकलतं. ९० सेंटिमीटरला तोच जोर जवळपास ५०० किलो. म्हणजे त्याच पाण्यासाठी जाड काच घ्यायची, सिलिकॉनच्या सांध्यांवर आणखी ताण द्यायचा, पैसे जास्त मोजायचे आणि बदल्यात माशांना निम्मं अंगण द्यायचं. हा व्यवहार कुणाला शहाणपणाचा वाटतो?

आणि वजन? ३२४ लिटर खारं पाणी म्हणजे सुमारे ३३२ किलो. काच, खडक, वाळू, खालचा सम्प, म्हणजे गाळणीची टाकी, आणि स्टँड वेगळे. हे पाणी एक फूट रुंदीवर उभं केलं तर दर चौरस मीटरला ९०० किलोंच्या वर जातं, दोन फुटांवर पसरलं तर ४६०. घरातल्या खोलीची जमीन आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरभार धरून आखतात. म्हणून टाकी भिंतीलगत, तुळईच्या आधाराने ठेवायची आणि मोठी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी विचारायचं. पार्टिशनची टाकी मात्र खोलीच्या ऐन मधोमध. खाली तुळई कुठून जाते, हे त्या चित्रकाराने एकदा तरी विचारलं का? भावाला मी हेच विचारलं. उत्तर आलं, "त्याने सोफ्याचा रंग विचारला होता."

या डिझायनर लोकांचा खरा अपराध मात्र टाकीच्या आत आहे. एक फूट रुंदीतून काचेची जाडी गेली की साडेसत्तावीस सेंटिमीटर उरतात. शेवाळ घासायचा चुंबक फिरायला काच आणि खडक यांच्यात आठेक सेंटिमीटर मोकळे लागतात. पार्टिशन दोन्हीकडून बघायचं, म्हणजे दोन्हीकडून आठ-आठ. खडकाला राहिले साडेअकरा. एक वीतसुद्धा नाही! या साडेअकरा सेंटिमीटरांत तुम्ही "रीफ" उभारणार? उतार कुठे, कपार कुठे, खडकामागून फिरून येणारा प्रवाह कुठे? पाणी सम्पमध्ये उतरवणारा पाइप कुठे लपवणार? विटांची एक उतरंड उभी राहते, तिच्यावर प्रवाळ हारीने चिकटवतात आणि तिला निसर्ग म्हणतात.

उजेडाचंही तेच. प्रवाळाच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवालं उजेडावर अन्न करतात आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला मिळतं. पाण्यात खोल जावं तसा उजेड घटतो. तीन फूट खाली पुरेसा पोचावा म्हणून दिवा वाढवला की वरचा प्रवाळ करपून पांढरा पडतो. दिवा कमी केला तर खालचा उपाशी. दीड-दोन फुटांत हा पेच फारसा येतच नाही.

लिटरचा तोरा मिरवणारे तर वेगळीच जमात. यांचा मंत्र एकच, जितकं जास्त पाणी तितकी स्थिर टाकी. मंत्र खोटा नाही. वीस लिटरच्या डबीत एप्रिलच्या दुपारी पाणी आटतं, खारटपणा चढतो, तापमान उसळतं आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपतं. पण हे पंडित लिटर वाढवतात कसे? उंचीने. अमेरिकेत तयार टाक्यांचे साचे ठरलेले आहेत. तिथली ७५ गॅलनची आणि ९० गॅलनची टाकी शेजारी ठेवा. दोन्हींची लांबी ४८ इंच, दोन्हींची रुंदी १८. फरक फक्त उंचीत, चार इंचांचा. पंधरा गॅलन जास्त घेतले, आणि माशाला पोहायला एक इंचही लांबी वाढली नाही, खडक मांडायला एक इंचही जागा वाढली नाही.

उंच टाकी काय करते ते मी हाताने अनुभवलं आहे. माझी पहिली टाकी अडीच फूट उंच होती. दुकानदाराने ती गळ्यात मारताना सांगितलं, "साहेब, उंच टाकीला शो असतो." एका सकाळी टर्बो गोगलगाय खडकामागे उलटी पडलेली दिसली. ती स्वतःहून सुलट होत नव्हती. मी स्टुलावर चढलो, काखेपर्यंत हात घातला, गाल पाण्याला टेकला, आणि बोटं तिच्यापासून चार इंच वर थांबली. चिमटा घातला, तो शंखावरून घसरला आणि तिला कपारीत आणखी आत ढकलून बसला. खडक हलवावा तर वरचे प्रवाळ कोसळणार. तिसऱ्या दिवशी पाण्याला वास आला, अमोनिया चढला, दोन मासे गेले. काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत माझा हात ६६ सेंटिमीटर आहे. दुकानदाराने तो मोजला नव्हता. मीही नाही. पण उंच टाक्या विकून पोट भरणं हा धंदा त्याचा होता, आणि तळाशी हात पोचत नाही हे त्याला रोज दिसत होतं. त्याला मी आजही माफ केलेलं नाही.

चित्रातला तो निळा डोरीही राहिलाच. २००३ च्या 'फाइंडिंग निमो'ने हा मासा घरोघरी नेला. पूर्ण वाढलेला डोरी तीस सेंटिमीटरपर्यंत जातो, म्हणजे बरोबर त्या टाकीच्या बाहेरच्या रुंदीएवढा! आत तो वळणार कसा? दिवसभर लांब पल्ल्याने पोहणारा हा मासा. त्याला निदान सहा फूट लांबी द्या, नाहीतर आणू नका. निमो, म्हणजे क्लाउनफिश, समुद्रातही आपल्या अ‍ॅनिमोनच्या आसपास आयुष्य काढतो; तो तीन फुटांत सुखाने राहतो. आधी जीव ठरवा, मग लांबी. इथे उलटा कारभार : आधी भिंत, मग टाकी, शेवटी भिंतीच्या रंगाला जुळणारा मासा.

आणि चित्रातले फांद्यांचे केशरी-जांभळे प्रवाळ? आपल्याकडे सगळे कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. ते हॉलमध्ये मांडायची गोष्ट नाही, आणि कुणी गुपचूप विकत असेल तर त्याच्या दारात उभं राहू नका. सी-फॅनही त्याच यादीत. उरतात ते मऊ प्रवाळ : लेदर, मश्रूम, झोआन्थस. त्यांतला लेदर प्रवाळ छत्रीसारखा पसरतो आणि फूटभर रुंद सहज होतो. शिवाय हे मऊ प्रवाळ पाण्यात रसायनं सोडून शेजाऱ्याला मारतात, म्हणून दोघांत अंतर हवं. म्हणजे आपल्या देशात जे ठेवता येतं त्याला जास्तीची उंची मुळीच लागत नाही, रुंदी भरपूर लागते. आणि आपले डिझायनर नेमकी रुंदीच कापतात.

रुंद टाकीत पाणी जास्त उडतं, हे खरं. रोज आरओचं गोडं पाणी घालावं लागतं. घाला. तेवढंही करायचं नसेल तर भिंतीवर चित्र लावा. चित्राला भूक लागत नाही.

रविवारी मी ठाण्याला गेलो. फ्लॅट रिकामाच होता. खडूने फरशीवर दोन चौकटी आखल्या, चार बाय एक आणि चार बाय दोन. बाल्कनीत कामगारांनी टाकलेल्या अर्ध्या विटा पडल्या होत्या, त्या भावाच्या हातात दिल्या आणि म्हटलं, हे तुझे खडक, काचेपासून चार बोटं सोडून मांड. पहिल्या चौकटीत त्याने एक ओळ लावली आणि तिथेच थांबला. दुसरीत उकिडवा बसला. एक वीट मागे, दोन पुढे, मध्ये बोळ. मग एक ढीग डावीकडे, दुसरा लहान उजवीकडे, मधली जागा मोकळी. बोळातून त्याने दोन बोटं माशासारखी फिरवून बाहेर काढली. मग टेपचं टोक माझ्या हातात देऊन स्वतःची काख ते बोटं मोजली : ६४. डिझायनरचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "उंची दीड फूट. रुंदी दोन. आणि मधे नाही, भिंतीला." पलीकडून काहीतरी बराच वेळ बोलणं चाललं. भावाने फोन फरशीवर ठेवला आणि डावीकडची वीट थोडी तिरकी केली.