विजेची मोटारसायकल आणि आमचे गॅरेजवाले

दोन महिन्यांपूर्वी आम्ही विजेवर चालणारी मोटारसायकल घेतली. भिशी उचलून रोखीने घेतली, म्हणून व्याजाचा प्रश्न आला नाही. हप्ते नकोत म्हणताच शोरूममधल्या पोराचा उत्साह मात्र बराच मावळला.

गाडी चांगली आहे. क्लच नाही, गिअर नाही, आवाज नाही. पहिले चार दिवस सिग्नलवर ती बंद पडली असे समजून आम्ही बटण दाबत होतो. बॅटरी सव्वातीन युनिटची. चार्जरमध्ये वाया जाते ते धरून पावणेचार युनिट. दहा रुपये युनिट धरले तरी खर्च ४० रुपयांच्या आत. विक्रेत्याने १५० किलोमीटर सांगितले होते. ते खरे, पण एकट्याने आणि ४५ च्या वर वेग न नेता. मागे माल बांधून मालेगावहून धुळ्याला जाऊन आलो, सुमारे १०० किलोमीटर, तेव्हा घरी पोचताना बॅटरी ६ टक्के उरली होती. मापात कमी देणाऱ्यांविषयी कुरआनात सूरह अल-मुतफ्फिफीन आहे. किलोमीटर हेही मापच आहे, हे विक्रेत्यांनी ध्यानात ठेवावे. तरी पेट्रोलला याच अंतरास दोनशेहून अधिक रुपये जात, तेव्हा सौदा तोट्याचा नाही.

खरी चिंता वाटली ती गल्लीतल्या मिस्त्रींकडे गेल्यावर. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. ऑइल बदलायचे नाही, प्लग नाही, कार्बोरेटर नाही. त्यांच्या हाताला काम उरले ते टायर, ब्रेक आणि बेअरिंगचे. मोटर, कंट्रोलर आणि ७२ व्होल्टची बॅटरी उघडणे अनाडी माणसासाठी धोक्याचे, आणि बिघाड शोधायला कंपनीचा लॅपटॉप लागतो.

आमच्या समाजात स्वतःच्या धंद्यावर पोट भरणारे फार, हे सच्चर समितीने २००६ सालीच नोंदवले आहे. गॅरेज हा त्यातला मोठा आधार. पेट्रोलच्या गाड्या उद्याच बंद होणार नाहीत. पण आज अकराव्या वर्षी पाना हातात घेणारे पोर तिशीला येईल तेव्हा काय दुरुस्त करील?

आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, परंतु त्याला दहावी लागते. आमचे निम्मे मिस्त्री तेथेच अडतात. आमच्या बैतुलमालवाल्यांना विचारावेसे वाटते की, दरवर्षी रमजानमध्ये शिलाई मशिन आणि हातगाड्या देता, तर गरजू मिस्त्रीला मल्टिमीटर, इन्सुलेटेड हत्यारे आणि तीन महिन्यांच्या शिकवणीची फी का देऊ नये? शिकवायला शहरातील पॉलिटेक्निकचे मास्तर मिळू शकतात.

हे आम्ही मिस्त्रींना बोलून दाखवले. मागच्या चाकात हवा भरता भरता त्यांनी एवढेच विचारले, “वर्ग रात्री इशानंतर भरतील का? दिवसा गॅरेज बंद ठेवून कसं भागेल?”