नव्या दमाचे, कमी दामाचे

अमेरिकेतल्या फुटबॉलचे आणि पायाचे नाते तसे लांबचेच. तिथले गडी चेंडू हातात धरून पळतात, हातानेच फेकतात, आणि ज्याच्या हाती चेंडू त्याच्या अंगावर बाकीचे कोसळतात. कबड्डीला चिलखत चढवून हाती लंबगोल चेंडू दिला, की वाचकांना साधारण कल्पना यावी. मला मात्र त्या खेळापेक्षा त्याच्या जमाखर्चाची अधिक गोडी. एक तारखेला ठरावीक रक्कम हाती घेऊन वाणी, दूधवाला आणि मुलांची फी यांची तोंडमिळवणी करणाऱ्या कुणालाही तो परका वाटणार नाही.

नॅशनल फुटबॉल लीगमध्ये संघ ३२. प्रत्येकाच्या पगारखर्चाला १९९४ सालापासून कमाल मर्यादा आहे. २०२५ साली ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. मालक कुबेर असला तरी तेवढ्यातच ५३ गडी बसवायचे. आजचा खर्च उद्यावर ढकलायच्या युक्त्या आहेत, पण उधारी ती उधारीच!

नवे गडी येतात ते वार्षिक निवडीतून. ही प्रथा १९३६ सालची. फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांच्या डोक्यातून निघालेली. आदल्या हंगामात जो संघ तळाला, त्याने पहिली निवड करायची. पंगतीत मागे राहिलेल्याला आधी वाढावे, तसा हा न्याय. ज्याची निवड व्हायची त्या पोराला मात्र, बाबा रे, तुला कुठल्या गावी जायचे आहे, असे कुणी विचारत नाही.

पूर्वी निदान पहिल्या मानाचा गडी भाव खाई. २०१० साली सॅम ब्रॅडफर्डने सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख ठरवून घेतले. पुढच्याच वर्षी नवा करार झाला, नवख्यांचे दर बांधले गेले, आणि त्याच मानाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २ कोटी २० लाख मिळाले. आता चार वर्षांचा करार. पहिल्या फेरीतला असेल तर पाचवे वर्षही संघाच्या मर्जीचे. आणि तीन हंगाम संपेपर्यंत पगारवाढीचे नावसुद्धा काढायचे नाही.

इथेच शहाण्या संघाला घबाड सापडते. सिएटलने २०१२ साली रसेल विल्सनला तिसऱ्या फेरीत, ७५ व्या क्रमांकावर उचलले. चार वर्षांचे मिळून जेमतेम ३० लाख. चेंडू फेकणारा हा संघाचा कर्णधारच म्हणायचा, आणि तो इतका स्वस्त! वाचलेल्या पैशांत बाकीची तटबंदी उभी राहिली, आणि २०१४ च्या फेब्रुवारीत सिएटलने डेन्व्हरला अंतिम सामन्यात ४३-८ असे लोळवले. सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रॉक पर्डीची तऱ्हा तर आणखी गमतीची. २०२२ च्या निवडीतला तो अगदी शेवटचा, २६२ वा. २०२३ च्या हंगामात ८ लाख ७० हजारांवर त्याने संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले. २०२५ साली त्याच पर्डीशी पाच वर्षांचा २६ कोटी ५० लाखांचा करार झाला. माणूस तोच, हातही तोच. फक्त मोल मागायची मोकळीक मिळाली.

चेंडू फेकणाऱ्याचे ठीक आहे, त्याला पुढे दहा-बारा वर्षे असतात. चेंडू घेऊन गर्दीत घुसणाऱ्याचे काय? त्याचे शरीर या स्वस्ताईच्या वर्षांतच झिजते. भाव मागायची वेळ येते तेव्हा गुडघे म्हातारे झालेले असतात. एवढ्या पैशांच्या खेळात ही गोष्ट मला न्यायाची वाटत नाही, मग संघाची शिल्लक कितीही दिसो.

पिट्सबर्गच्या लेव्हिऑन बेलने हे पुरते ओळखले होते. पहिला करार संपल्यावरही संघाने त्याला एकेका वर्षाच्या बोलीवर अडकवून ठेवले. तेव्हा सुमारे दीड कोटी डॉलरवर पाणी सोडून २०१८ चा अख्खा हंगाम तो घरी बसला. त्याच्या जागी पिट्सबर्गने जेम्स कॉनरला उतरवले. तोही आदल्याच वर्षी तिसऱ्या फेरीत निवडलेला, नवख्याच्या पगारावरचा. त्या हंगामात कॉनरची निवड लीगच्या तारांकित संघात झाली.