घनावरील वडीलधारीं

आमच्या चिरंजीवांनीं संगणकावर मॅटलॅब नामक आलेखन-प्रणालींत एक घन रचून त्याच्या सहा बाजूंवर घरांतील सहा वडीलधाऱ्यांचीं छायाचित्रें चढविलीं. रीत अवघड नाहीं. प्रत्येक बाजू म्हणजे चार कोपऱ्यांचा पृष्ठभाग. त्याच्या रंगाच्या जागीं ‘टेक्श्चरमॅप’ असें लिहून चित्र हवालीं करावयाचें. परंतु कै. आजोबा खालीं डोकें वर पाय झालेले पाहून मातोश्री संतापल्या! कारण इतकेंच कीं, चित्राच्या ओळी वरून खालीं मोजतात आणि आलेखाचा उभा अक्ष खालून वर चढतो. ओळींचा क्रम फिरवितांच आजोबा सरळ झाले. आतां तंटा निराळाच आहे. घनाच्या एका वेळीं तीनच बाजू दिसतात. आत्याबाईंस तळाशीं बसविण्याचें धैर्य कोणास?