लॉनला रोज पाणी? कुणी सांगितलं?

मंडळी, हरळी खुरपून आपल्या पिढ्यांची कंबर मोडली. आता तीच हरळी बंगल्यापुढं, मंगल कार्यालयापुढं विकत आणून लावतोय. लावा, माझी ना नाही. पण लावून देणारा जाताना सांगतो, "रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारा." कुठवर, ते सांगत नाही. माझं भांडण त्याच्याशी आहे.

पहिले दोन आठवडे ठीक. ठोंबाला मुळी फुटायची असते, वरचा थर सुकून चालत नाही. मुळी धरली की पाळी लांबवा. द्यायचं ते वीतभर ओल जाईल एवढं, मग वरून सुकू द्या. पाण्यामागं मुळी खाली जाते. रोज नुसतं शिंपडलं तर ती वरच लोळते; चार दिवस मोटार जळाली की लॉन पिवळं. रात्रभर पात ओली राहिली तर बुरशी वेगळीच.

आता हिशेब. गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. रोज ५ मिलिमीटर म्हणजे ५०० लिटर, महिन्याला १५,०००. दहा हजारी टँकर दीड! एप्रिलात बाग टँकरवर जगवणाऱ्या गावात हे शोभतं का?

म्हणून लागवड जून-जुलैतच करा, मुळी पाऊस धरवतो. पात दोन-अडीच इंच झाल्यावरच पहिली कापणी, तीही वरचा तिसरा हिस्सा. मुरलेली हरळी उन्हाळ्यात वाळलेली दिसते, मरत नाही. खुरपून मेली नाही ती चार दिवसांच्या तहानेनं मरेल होय?

कृषी पदवीधर मित्रांनो, पटत नसेल तर खाली बोला.