स्पीकरवाल्याची पेटी

जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांचे नाशकात दोन पंथ आहेत. पहिला मोठा. तो रेकॉर्ड हातात घेतली की आधी गायकाचं नाव वाचतो. लता, रफी, माणिक वर्मा आणि अर्थातच द. वि. पलुसकर. त्यांचा जन्म १९२१चा, नाशिकचाच, त्यामुळे त्यांच्या लाखेच्या तबकड्यांना इथं घरच्या माणसाचा मान. दुसरा पंथ अगदीच लहान आणि मी त्यातला. आम्ही रेकॉर्ड घेतो ती गायक गप्प असतो तेवढ्या जागेसाठी. मुखड्याआधीचा वाद्यमेळ, दोन कडव्यांमधला म्युझिक पीस, लावणीत ढोलकी एकटीच उरते तो तोडा. ‘लताबाईंची रेकॉर्ड घेता आणि बोंगो ऐकता?’ असं एका ज्येष्ठ संग्राहकांनी मला विचारलं होतं. हो, बोंगोच ऐकतो.

ही खोड हिप-हॉपनं लावली. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत, क्लाइव्ह कॅम्बेल नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं बहिणीनं ठेवलेल्या पार्टीत रेकॉर्ड लावल्या. हाच डीजे कूल हर्क. नाचणारी मंडळी सगळ्यात जास्त कधी पेटतात, यावर त्याचा डोळा होता. गाणं थांबून नुसता ड्रम वाजतो तेव्हा! पण ती जागा काही सेकंदांत संपते. म्हणून त्यानं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवल्या आणि एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू, असं चक्र लावलं. त्या चक्रावर पुढं लोक बोलू लागले, यमकं जुळवू लागले. आपली रेकॉर्ड कोणती हे दुसऱ्या डीजेंना कळू नये म्हणून हर्क लेबलं भिजवून काढून टाकायचा. कुणाला ठाऊक नसलेली रेकॉर्ड शोधण्याची चढाओढ तिथून लागली, ती आजवर थांबलेली नाही.

हर्क मूळचा जमैकातल्या किंग्स्टनचा. तिथं भलेमोठे स्पीकर रस्त्यावर मांडून रेकॉर्ड वाजवणाऱ्यांची परंपराच होती. आणि हे वाचताना मला आपला स्पीकरवाला दिसायला लागतो. सिन्नर, निफाड, दिंडोरीकडच्या लग्नांत मांडव पडायच्या आधी तो पोचायचा. झाडाला कर्णा बांधायचा, अॅम्प्लिफायर गरम करायचा आणि पत्र्याची पेटी उघडायचा. पेटीत सात इंची ईपी, कव्हरं कधीच हरवलेली, लेबलावर ऑइलपेंटनं आद्याक्षरं. हळदीला काय, वरातीला काय, सासरी निघालेल्या मुलीला रडवायला काय, हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. कोणत्या तुकड्यावर पोरं नाचतात हे हर्कइतकंच त्यालाही पाठ होतं. फरक इतकाच, की त्याच्याकडे टर्नटेबल एकच असायचं आणि वधूपित्याची नजर सतत त्याच्यावर.

या पेट्यांतल्या रेकॉर्ड पहिल्या पंथाला नको असतात. घासलेल्या, खरखरणाऱ्या. उजेडात तिरक्या धरल्या तर खाचा पांढुरक्या दिसतात. सगळ्यात जास्त झीज कुठं असते? सुरुवातीला, पिन हातानं टेकवायचे तिथं. म्हणजे नेमका मला हवा असलेला वाद्यमेळच सगळ्यात जास्त खाल्लेला. डीजेंच्या जुन्या रेकॉर्डचीही हीच तक्रार असते, ड्रमचा तुकडा जिथं सुरू होतो तिथंच खाच भाजल्यासारखी. मी अशा रेकॉर्ड आनंदानं घेतो. कोणता तुकडा लोकांना हवा होता, याची नोंद त्या झिजेइतकी खरी दुसरीकडे कुठंच सापडत नाही.

अमेरिकन हिप-हॉपच्या मूळ रेकॉर्ड मात्र नाशकात शोधू नयेत. आपल्याकडे रॅप घराघरांत पोचलं ते १९९२ साली बाबा सेहगलच्या ‘ठंडा ठंडा पानी’बरोबर, आणि तोवर कॅसेटनं रेकॉर्डला घरातून बाहेर काढलं होतं. इथं गंमत उलट्या दिशेनं झाली आहे. आपण माळ्यावर टाकलेल्या रेकॉर्ड तिकडच्या लोकांनी उचलल्या. कल्याणजी-आनंदजींच्या ‘डॉन’मधलं (१९७८) ‘ये मेरा दिल’ आणि ‘अपराध’मधलं (१९७२) एक गाणं, दोन्ही आशाबाईंची, मिळून ब्लॅक आइड पीज या अमेरिकन गटानं २००५ मध्ये ‘डोन्ट फंक विथ माय हार्ट’ बनवलं आणि त्यावर रॅपचं ग्रॅमी घेतलं. मॅडलिब या हिप-हॉप निर्मात्यानं २००७ मध्ये हिंदी चित्रपटसंगीताच्या तुकड्यांचा अख्खा अल्बम काढला. रॅपर एरिक सर्मननं २००२ मध्ये ‘ताजमहल’च्या (१९६३) कव्वालीतली ओळ घेतली. ओळ आत्महत्येच्या हौसेबद्दल आहे, त्याला तिचा अर्थ कळलेला नाही आणि तसं तो गाण्यातच सांगून टाकतो. निदान प्रामाणिक तरी आहे.

त्याच वर्षी ट्रूथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेच्या ‘अॅडिक्टिव्ह’मध्ये बप्पी लाहिरींच्या ‘ज्योती’तलं (१९८१) ‘थोडा रेशम लगता है’ जवळजवळ सबंध वाजलं, तेही न विचारता. प्रकरण कोर्टात गेलं. बप्पीदांचं नाव छापल्याशिवाय रेकॉर्ड विकू नका, असं अमेरिकेतल्या न्यायालयानं २००३ मध्ये बजावलं. संगीतकाराला नाव मिळालं, चांगलंच झालं. पण त्या गाण्यात तबला कुणी वाजवला, हे कोणत्या लेबलावर आहे?

माझं खरं भांडण इथं आहे. आपल्या लेबलांवर चित्रपटाचं नाव, गायक, संगीतकार, गीतकार एवढंच छापलेलं असतं. वाजवणारे रोजावर यायचे, वाजवून जायचे. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांचा ठेका सांभाळणारे मारुतीराव कीर किंवा अॅकॉर्डियनपासून सिंथेसायझरपर्यंत सगळं हाताळणारे केरसी लॉर्ड ही नावं आपल्याला कळली ती मुलाखती आणि पुस्तकांतून, रेकॉर्डच्या कव्हरावरून नव्हे. अमेरिकेतही वेगळं नव्हतं. जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’मधला क्लाइड स्टबलफील्डचा ड्रम शेकडो रॅप गाण्यांत वाजला, आणि त्याच्या हाती जवळजवळ काही आलं नाही. पण तिथं निदान हिप-हॉपवेड्यांनी त्याचं नाव शोधून काढलं आणि तो २०१७ मध्ये गेला तेव्हा त्याला ओळखणारं जग होतं. आपण गायकाच्या आवाजात इतके अडकलो, की मागं कोण बसलं होतं हे विचारायलाच विसरलो.

चरणजित सिंग यांचं उदाहरण तर चांगलंच झोंबणारं. मुंबईच्या स्टुडिओंत वाजवणारा हा वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडची टीआर-८०८ ही ड्रम मशीन आणि सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये याच ८०८ वर ‘प्लॅनेट रॉक’ हे गाणं झालं आणि हिप-हॉपचा आवाज बदलला. चरणजितांची एचएमव्हीनं काढलेली एलपी इथं कुणी विचारली नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकानं ती पुन्हा काढली, तेव्हा कुठं म्हातारपणी त्यांना परदेशातून बोलावणी येऊ लागली. २०१५ मध्ये ते गेले.

मराठी रेकॉर्डकडे तर अजून कुणाचं लक्षच गेलेलं नाही. राम कदमांच्या ‘पिंजरा’ची (१९७२) गाणी शब्द विसरून, फक्त ढोलकीकडे कान लावून ऐकून पाहा. तमाशातल्या लावण्यांच्या ईपींवर तर असे मोकळे ठेके पडलेलेच आहेत, हर्कनं दोन प्रती मागितल्या असत्या असे. आणि ज्याच्या नावानं केरळातसुद्धा मिरवणुका निघतात, त्या नाशिक ढोलाची रेकॉर्ड? कॅसेट आणि सीडी हव्या तेवढ्या. तबकडीवरचा नाशिक ढोल मी अजून शोधतोच आहे.

जुन्या नाशकातले वाडे पडतात किंवा पाडले जातात, तसे माळ्यावरचे गठ्ठे भद्रकालीच्या भंगारात आणि बुधवारच्या बाजारात गोदाकाठी उतरतात. तिथं रेकॉर्ड किलोवर जातात, काही तर नुसत्या भिंतीवर टांगायला. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सनं लाखेच्या तबकड्यांच्या नोंदींचं मोठं काम केलं आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या ईपींना आणि स्पीकरवाल्यांच्या पेट्यांना मात्र असा वाली नाही.

म्हणून वाचकहो, एक विनंती. घरात, नात्यात कुणी स्पीकरवाले असतील तर त्यांची पेटी भंगारात घालू नका. रेकॉर्ड उभ्या ठेवा, उन्हापासून लांब ठेवा, लेबलावरची आद्याक्षरं पुसू नका. ते काका अजून असतील तर त्यांच्याजवळ बसून विचारा, कोणत्या रेकॉर्डला पोरं जास्त नाचायची, आणि लिहून ठेवा. वादकाचं नाव त्यांना ठाऊक असलं तर तेही लिहा. आणि पेटीत कुठं नाशिक ढोल निघालाच, तर आधी मला कळवा, मग भिंतीवर टांगा.